शपथेचं पाणी

आमच्या आईबद्दल फॅक्टरीच्या वसाहतीत बायका म्हणायच्या की ही बाई कोणाचं ऐकत नाही. खोटं कशाला बोलू, नव्हतीच ऐकत. भाजीवाल्यापासून शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना तिनं एकदा तरी गप्प बसवलं होतं, आणि मी तिची लेक असल्यामुळे माझा नंबर रोजच लागायचा. तरी आज मी तिचं कौतुकच सांगायला बसले आहे. तिनं माझ्या भावाला जवळजवळ मारलं होतं आणि तिनंच त्याला वाचवलं. दोन्ही एकाच आठवड्यात.

वडील अमरावतीकडून जबलपूरला तोफांच्या कारखान्यात आले ते इथलेच झाले. ते गेल्यावर त्यांच्या जागी दादा लागला. घरात आम्ही चौघं: आई, दादा, वहिनी आणि मी. मी प्राथमिक शाळेत शिकवायची. क्वार्टरला दोन खोल्या आणि मागे एक अंगण होतं, आणि आईच्या आवाजाला तेवढी जागा पुरत नसे.

दादा लेथ मशीनवर होता. हात इतका सफाईचा की नवीन पोरांना उभं करून त्याचं काम दाखवायचे. मग लढाई आली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, भोंगा वाजला की चूल विझवायची, आणि कारखाना मात्र थांबायचं नाव घेईना. डबल शिफ्ट. दादा घरी यायचा तेव्हा त्याचं अंग लाकडासारखं झालेलं असायचं. कोणीतरी सांगितलं, थोडी घे, झोप लागेल. रस्त्यात कलारी होती, देशी दारूचं दुकान. तिथं थांबायला लागला. झोप लागली, हे खरं आहे. लढाई संपली तरी डबल शिफ्ट संपली नाही, आणि आता दादाला उठायलाही तीच लागायला लागली. सकाळी कपड्याच्या पेटीमागून बाटली काढायचा, दोन घोट घ्यायचा, मग चहाची कपबशी न हिंदकळता तोंडाला लावायचा.

हे आम्ही रोज पाहत होतो. पिण्याआधी हात कापतात, प्याल्यावर थांबतात. आईचं म्हणणं, पाहा कशी चटक लागली आहे, हातसुद्धा तिलाच मागून राहिले. वहिनी काही म्हणायची नाही. ती कमी बोलायची. आमच्या घरात कमी बोलणाऱ्याला बोलायला जागाच कुठे होती म्हणा.

मग एक दिवस सुपरवायझरला वास आला. तो भला माणूस होता, पण मशीनवर दारू म्हणजे कोणाचं बोट जाईल सांगता येत नाही. त्यानं दादाला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं दिसलं तर गेटच्या आत येऊ नकोस. दादानं घरी येऊन ते खालमानेनं सांगितलं, आणि आई ताडकन उठली. नर्मदा जयंती तोंडावर आली होती. तिनं ठरवून टाकलं: दादाला नर्मदेच्या ग्वारीघाटावर न्यायचं आणि शपथ घालायची.

जबलपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे कोर्टात खोटं बोलतील, पण हातात नर्मदामैयाचं पाणी घेऊन बोलणार नाहीत. भावाभावांच्या वाटण्या त्या पाण्यावर झाल्या, जुगार त्या पाण्यावर सुटले, आणि दारू तर किती जणांनी सोडली. माघाच्या थंडीत बायका नवऱ्यांना दंडाला धरून घाटावर नेताना मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. तेव्हा आईला दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं.

वहिनी मात्र त्या संध्याकाळी बोलली. म्हणाली, एकदम काहून सोडवता, मागे एकदा कलारी बंद होती तेव्हा यांना दिवसभर घाम फुटत होता, दातसुद्धा वाजत होते, एखाद्या डॉक्टरला विचारू. आई म्हणाली, दारू सोडायला डॉक्टर लागतो का? मनाचा निश्चय लागतो. वहिनी पोळ्या लाटायला गेली.

मैयापुढे जायचं तर शुद्ध होऊन जायचं, म्हणून आईनं आदल्या दुपारपासूनच दादाला थेंब घेऊ दिला नव्हता. पेटीमागची बाटली तिनं स्वतः मोरीत ओतली. सकाळी घाटावर धुकं होतं, पाण्यातून वाफा निघत होत्या. दादानं डुबकी मारली आणि ओल्या अंगानं पायरीवर उभा राहिला. घाटावरच्या पुजाऱ्यानं, पंडाजींनी, त्याच्या उजव्या तळहातावर पाणी दिलं, डावा हात आईच्या डोक्यावर ठेवायला सांगितला. आणि दादाचा हात असा थरथरायला लागला की पाणी बोटांतून ओघळून गेलं. पंडाजींनी पुन्हा दिलं, पुन्हा सांडलं. मग आईनंच खालून त्याचं मनगट घट्ट धरलं.

पंडाजी म्हणाले, मैया ने हाथ पकड़ लिया है, देखो कैसे काँप रहा है. आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला वाटलं थंडी आहे. आईला वाटलं भक्ती आहे. वहिनी तेवढी माझ्या शेजारी उभी राहून एकटक त्या हाताकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भक्तीबिक्ती काही नव्हती.

दादा म्हणाला, "आजपासून दारूला शिवणार नाही. शिवलो तर माझ्या आईचं बरंवाईट होईल."

घरी परत येताना आईचे पाय जमिनीवर नव्हते. वसाहतीत शिरताशिरताच तिनं चार घरांत सांगून टाकलं. बायका दादाला पाहायला आल्या, आपापल्या नवऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याची तारीफ करून गेल्या. एकीनं तर नारळ आणला.

दादानं शपथ पाळली, हे मला इथं ठणकावून सांगायचं आहे. पुढे जे झालं ते त्यानं लपून प्याल्यामुळे नाही झालं. न प्याल्यामुळे झालं. त्याला उलट्या व्हायला लागल्या, अन्न जाईना, डोळ्याला डोळा लागेना. अंथरूण घामानं भिजायचं, एवढ्या थंडीत. आई लिंबूपाणी द्यायची आणि म्हणायची, विष निघून राहिलं, निघू दे. आणि दादा, गुणाचा माझा दादा, कापत्या हातानं ते पाणी घ्यायचा आणि हसायचा प्रयत्न करायचा. वहिनी पुन्हा दवाखान्याचं बोलली. पण दवाखाना फॅक्टरीचा, तिथं गेलं तर दारूचं कळणार, नोकरी जाणार. दादा स्वतःच नको म्हणाला. म्हणाला, कठीण होतं ते होऊन गेलं, आता बरं वाटून राहिलं.

आम्हालाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात उन्हात येऊन बसला. मटारचे दिवस होते, आईनं शेंगांची टोपली मध्ये ठेवली होती आणि आम्ही सगळे सोलत होतो. दादाही सोलायला लागला. दाणे परातीत कमी आणि फरशीवर जास्त पडत होते. आई त्याला चिडवत होती की तोफा घडवणाऱ्याला मटार जमेना. मग दादा खाली वाकून सांडलेले दाणे वेचायला लागला. वेचले. फरशी साफ झाली. तरी तो वेचतच राहिला. जिथं काहीच नव्हतं तिथून चिमटीनं उचलायचा आणि परातीत टाकायचा, अगदी मन लावून.

आईचं हसू हळूहळू उतरलं. तिनं विचारलं, काय वेचतोस? तो म्हणाला, पाहा ना, किती सांडले, अन् आता चालून राहिले, भिंतीवर चढून राहिले. तो भिंतीला धपाधप मारायला लागला. मग त्याची मान एका बाजूला ताणली गेली, डोळे वर गेले, आणि तो परातीवरच कोसळला. सगळं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. तोंडातून फेस आला.

आरडाओरडा ऐकून शेजार जमा झाला. कोणी चप्पल हुंगवायला आणली, कोणी कांदा फोडला, एकानं दातात चमचा घालू पाहिला तो वहिनीनं हिसकावून फेकला आणि दादाला कुशीवर वळवून धरलं. शेजारची म्हातारी म्हणाली, ये तो मैया की सवारी है, पंडाजी को बुलाओ. म्हणजे दादाच्या अंगात मैया आली. दोघेजण निघालेसुद्धा.

आणि इथं मी माझ्या आईला मानते. तिला सगळ्यात सोपं काय होतं? पंडाजींची वाट पाहणं. तिनं घातलेली शपथ, तिची मैया, चार घरांत सांगून झालेली तिची शेखी, सगळं तिकडेच ओढत होतं. तिनं वहिनीकडे पाहिलं. वहिनी एवढंच म्हणाली, "आई, यांना दवाखान्यात नेऊ द्या. नोकरी गेली तर मी भांडी घाशीन."

आई उठली. पंडाजींकडे निघालेल्यांना तिनं ओरडून मागे बोलावलं आणि टांगा आणायला पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकलं, आणि ऐकलं ते सुनेचं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? आजूबाजूला फॅक्टरीचीच माणसं, बाकावर दादाच्याच वर्कशॉपमधला एकजण पट्टी बांधून बसलेला. मी म्हणणार होते, ताप आला. आईनं मला कोपरानं मागे सारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "रोज पीत होता. सकाळीही. मी सोडवली, एका झटक्यात. तेव्हापासून असं होऊन राहिलं." त्या बाकावरच्या माणसानं मान फिरवली. आईनं नाही फिरवली.

डॉक्टर बंगालकडचे होते, मध्यमवयीन, हळू बोलणारे. ते रागावले नाहीत. दादाला आत घेतलं, सुई दिली, झटके थांबले, मग बाहेर येऊन आईसमोर बसले.

"माँजी, छुड़वाना बिलकुल ठीक था," ते म्हणाले. "पर ऐसे अचानक नहीं."

मग त्यांनी समजावलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे, कारण नंतर आईनं ते मला शंभरदा म्हणायला लावलं. रोज, खूप दिवस पिणाऱ्याचं शरीर दारू धरूनच चालायला शिकलेलं असतं. ती एकदम काढून घेतली की मेंदू आणि नसा भडकतात. हात कापणं, घाम, उलट्या ही सुरुवात असते. पुढे झटके येतात, नसलेलं दिसायला लागतं, ताप चढतो, आणि माणूस मरूही शकतो. घरच्यांना वाटतं आता निभावलं, तेव्हाच खरा धोका असतो. अशा माणसानं दारू सोडायची ती डॉक्टरच्या नजरेखाली. ते औषध देतात, ते औषध हळूहळू कमी करतात, ताकदीची इंजेक्शनं देतात, आणि रात्रंदिवस लक्ष ठेवतात. त्यात कमजोर मनाचा काही प्रश्न नाही, असंही ते म्हणाले. उलट एवढं सोसून न पिणारा माणूस मनाचा चिवटच म्हणायचा.

हे शेवटचं ऐकून आईनं पदर तोंडात कोंबला. रडली. मी तिला वडील गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

पण संकट संपलं नव्हतं. दादाला भान यायचं आणि जायचं. तो हातपाय झाडायचा, सुई टोचलेली राहायची नाही. आता तोंडानं औषध जाणं जरूर होतं. त्या औषधाला भयंकर उग्र वास, खोली भरून जायची. नर्सनं पेला ओठाशी नेला आणि दादानं तो वास घेऊन दात आवळले. मान फिरवली. पुन्हा नेला, त्यानं हातानं उडवून लावला. भिंतीवरच्या मुंग्या कोणत्या खऱ्या आणि कोणत्या खोट्या हे त्याला कळत नव्हतं, पण शपथ तेवढी पक्की लक्षात होती. वहिनीनं सांगितलं औषध आहे, मी सांगितलं औषध आहे, डॉक्टरांनी सांगितलं. तो म्हणे, दारू आहे, मला फसवून राहिले. डॉक्टर हळूच म्हणाले की हे आत गेलं नाही आणि झटके पुन्हा सुरू झाले तर कठीण आहे. बांधून ठेवायची तयारी सुरू झाली.

आई पुढे झाली. तिनं नर्सच्या हातातला पेला घेतला आणि खाटेवर दादाच्या उशाशी बसली. पेला खाली ठेवून आधी त्याचा डावा हात उचलला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला, आणि मग तिथून उचलून खाली त्याच्या छातीवर ठेवला.

"शपथ मी घ्यायला लावली होती. मीच उतरवली. आता पी."

दादानं डोळे तिच्यावर आणले. किती कष्टानं आणले ते आम्हाला दिसत होतं. म्हणाला, "तुला काही झालं तर?"

"होऊ दे मला काय व्हायचं ते. मी पाहून घेईन तिचं अन् माझं. तू पी, बाळा."

तो प्याला. एक घोट, मग दुसरा. तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण सगळं प्याला. वहिनी भिंतीला टेकून खालीच बसली.

बरेच दिवस तो दवाखान्यात होता. ताप उतरला, मुंग्या गेल्या, एक दिवस त्यानं स्वतःहून वरण-भात मागितला. डॉक्टरांनी फॅक्टरीत जाऊन काय सांगितलं मला माहीत नाही, पण सुपरवायझर भेटायला आला तो संत्री घेऊन आला आणि म्हणाला, आधी तब्येत, मशीन कुठे पळून जात नाही. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावरही दादाला डॉक्टरांकडे दाखवायला जावं लागे, आणि वहिनी त्याला एकटा सोडत नसे. कलारीचा रस्ता टाळून तो लांबच्या रस्त्यानं घरी यायचा. सोपं नव्हतं ते. कधी कधी संध्याकाळी अंगणात नुसता येरझाऱ्या घालायचा, वहिनी गूळ घातलेला चहा करून द्यायची, आणि आई, जिला गप्प बसणं माहीत नव्हतं, ती गप्प बसायची.

आईचं मात्र एक झालं. ती नर्मदेत उतरेना. दर पौर्णिमेला डुबकी मारणारी बाई, आता घाटावर यायची, फुलं विकत घ्यायची आणि माझ्या हातात देऊन वरच्या पायरीवर बसून राहायची. मी एकदा चिडून विचारलं की हे काय नाटक आहे. म्हणाली, तिच्यासमोर घातलेली शपथ तिला न विचारता उतरवली, आता कोणत्या तोंडानं जाऊ? मी म्हटलं, तूही काय काय खरं मानतेस. पण तिला खरोखर भीती होती. दादालाही होती. आईला साधी शिंक आली तरी त्याचा चेहरा पांढरा पडायचा, आणि आई त्याच्यासमोर खोकला दाबून धरायची.

पण वरच्या पायरीवर बसली म्हणून तिचं तोंड थोडंच बंद होणार होतं. कोणी बाई नवऱ्याला शपथेसाठी ओढत नेताना दिसली की आई तिला थांबवायची. किती पितो? रोज? सकाळीही? हात कापतात? मग पहिले डॉक्टरकडे ने, त्याला खरं खरं सांग, मग ये घाटावर, मैया काही पळून नाही चालली. बायका चमकायच्या, काही भांडायच्या. मग आई मला हाक मारायची आणि मी उभ्यानं डॉक्टरांचं बोलणं म्हणून दाखवायची, शाळेत पाढे म्हणतात तसं. पंडाजींना हे बिलकुल पसंत नव्हतं. आमचा धंदा बुडवता म्हणाले. आई त्यांना म्हणाली, पंडाजी, हाथ मैया ने नहीं पकड़ा था, वो बीमार था. त्यानंतर पंडाजीही कापणारा हात दिसला की त्या माणसाला आधी आईकडे पाठवायला लागले.

पुढच्या माघात पुन्हा नर्मदा जयंती आली. आम्ही चौघंही गेलो. तसंच धुकं, तशीच गर्दी. आई वरच्या पायरीवर बसली, फुलं माझ्या हातात दिली. दादा, वहिनी आणि मी खाली गेलो. दादानं डुबकी मारली. मग तो पाण्यात उभा राहिला, दोन्ही हातांची ओंजळ भरून घेतली आणि वळून पायऱ्या चढायला लागला.

माणसं खाली उतरत होती आणि तो त्यांच्यातून वर चढत होता, ओल्या अंगानं, एवढ्या थंडीत. कोणाचा धक्का लागू नये म्हणून वहिनी पुढे होऊन वाट करत होती. मी मागून चालत होते आणि माझी नजर पायऱ्यांवर होती, कुठे थेंब पडतो का पाहायला. लेथवर काम करायचा तेव्हा असायचे तसे त्याचे हात होते. ओंजळ जशी भरली होती तशी वर आली.

तो आईसमोर उभा राहिला. आई पाण्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या बोटांकडे, मनगटाकडे पाहत होती, जे मनगट मागल्या साली तिनं खालून धरलं होतं. दादा म्हणाला, "आई, तू नाही येत, म्हणून ती आली." आणि त्यानं ओंजळ तिच्या पायांवर रिकामी केली.

आईनं ओल्या पायांकडे पाहिलं. मग नाक ओढलं, चप्पल काढून माझ्या हातात दिली, म्हणाली, "धर, अन् पाहून राहिली काय नुसती," आणि दादाच्या हाताला धरून नर्मदेत उतरली.